ओंकारची हकीकत

नवरा सकाळी सात वाजेपर्यंत झोपला, ही काही कुणाला सांगण्यासारखी बातमी नव्हे. पण दीपाली फडतरेनं त्या दिवशी ती तिघींना सांगितली. आधी माहेरी आईला फोन करून, मग शेजारच्या नंदाताईंना आणि मग दारावर आलेल्या भाजीवालीला, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. "झोपलेत अजून," असं म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं. भाजीवालीला वाटलं, घरात कुणीतरी फार आजारी आहे. तिनं कोथिंबिरीची एक जुडी फुकट दिली आणि "हुईल बरं, बाई" म्हणून निघून गेली.

आजारी होता तो आधी. आठ वर्षं. हवालदार अजिंक्य फडतरे उत्तर सीमेवरच्या त्या हिवाळ्यातल्या लढाईतून घरी आला तेव्हा हातपाय शाबूत होते, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. बोरजाईवाडीनं त्याची ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली, हलगी वाजवली, फेटा बांधला. आणि मग त्या झोप नसलेल्या रात्री सुरू झाल्या. त्यांचं वर्णन करत बसण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी झालं नाही त्यांना कितीही सांगितलं तरी कळायचं नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दीपालीच्या आईच्या हट्टापायी एक बाबाही झाला. बाबानं अंगारा दिला आणि गोळ्यांनी तोंडाला कोरड दिली, यापलीकडं हाती काही लागलं नाही. लेक अन्वी आजोळी राहायला लागली. दीपालीचे केस पस्तिशीच्या आतच पांढरे झाले. ती दिवसा अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवायची आणि गाता गाता मध्येच तिचा डोळा लागायचा. पोरं गाणं एकटीच पुरं करायची.

बोरजाईवाडी म्हणजे साताऱ्याच्या पूर्वेकडचं, पावसाच्या नावानं शंख असलेलं गाव. पिकत नाही म्हणून की काय, पण घरटी एक माणूस फौजेत. अशा गावाचे काही रिवाज असतात, ते कुणी लिहून ठेवलेले नसतात आणि कुणी मोडतही नाही. लढाईला दोघे गेले आणि एकच परत आला, तर परत आलेल्यानं दुसऱ्याच्या घराला धरून राहायचं. बाहेरगावाहून कधीही आला, रजेवरून येवो की दवाखान्यातून, आधी त्या घराची पायरी चढायची, तिथल्या आईच्या हातून भाकरतुकडा ओवाळून घ्यायचा, आणि मग आपल्या घरी. शिवाय दरवर्षी पुण्यतिथीला त्या अंगणात बसून सगळ्यांसमोर हकीकत सांगायची. तो कसा लढला, कसा गेला, शेवटी काय बोलला.

अजिंक्यचं ते दुसरं घर म्हणजे शालनकाकी जगदाळेचं. ओंकार जगदाळे आणि अजिंक्य एका आळीतले, एका शाळेतले, भरतीच्या मैदानावर एकत्र धावलेले आणि पलटणीत एकमेकांचे जोडीदार. फौजेत जोडीदार म्हणजे खाणं एका ताटात आणि पहारा एका खड्ड्यात. ओंकार पेटीतून आला. तेव्हापासून अजिंक्य काकीला 'आये' म्हणायचा, रोज संध्याकाळी तिच्याकडं जायचा, तिच्या बीपीच्या गोळ्यांवरून तिच्याशी भांडायचा. काकी विधवा, मागं पुढं कुणी नाही. "एक गेला, पर एक ठिवला देवानं," असं ती येईल त्याला सांगायची. अजिंक्यवर रात्री आभाळ कोसळतं एवढं तिलाही माहीत होतं, आणि सकाळी ती दीपालीला चहाला बोलावून नुसती समोर बसून राहायची. दोघींना एकमेकींशी फार बोलायला जमायचं नाही. एकमेकींकडं पाहून मात्र घ्यायच्या.

गेल्या वर्षी साताऱ्यात माजी सैनिकांसाठी 'विसावा' नावाचं केंद्र निघालं, आणि तिथं ती टोपी आली. यंत्राला मोठं लांबलचक नाव होतं, पण गाव टोपीच म्हणायचं. पारावर लोक एकमेकांना विचारायचे, "काय हवालदार, टोपी घातली का नाही अजून?" आणि हसायचे. दीपालीला हसायचं त्राण नव्हतं. तिनं नाव नोंदवलं.

केंद्रातले डॉक्टर मुजावर मिरजेचे, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं.

"ताई, आठवण म्हणजे भिंतीवरचा फोटो नव्हे, की एकदा लावला आणि झालं. आपण आठवण काढली की ती ओली होते. मेंदू ती पुन्हा नव्यानं घडवतो, सुकवतो आणि ठेवून देतो. याला काही तास लागतात. आता काय घडलं ते मेंदूत एकीकडं ठेवलं जातं, आणि तेव्हा काय वाटलं, ते दुसरीकडून येऊन त्याला चिकटतं. कानाच्या आत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते. भीती, माया, शरम, सगळी आठवणीला चिकटवण्याचं काम तिचं."

"आणि ही टोपी काय करते?" अजिंक्यनं विचारलं.

"तुम्ही तो प्रसंग बोलायचा, अगदी तपशीलवार. आठवण ओली झाली की ही टोपी आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते आणि त्या गाठीला तेवढ्यापुरतं गप्प बसवते. जोडीला एक औषध, म्हणजे चिकटायचं काम थांबतं. आठवण सुकेल, पण कोरडी सुकेल. प्रसंग तुम्हाला सगळा आठवेल हवालदार, एक शब्द हरवणार नाही. फक्त तो अंगावर येणार नाही."

मग ते दीपालीकडं वळले. "आता तुमचं काम. घरात सिमेंटचा कोबा केला की तो ओला असताना कुणाला पाय ठेवू देतो का आपण? तसंच हे. नंतरचे सहा तास यांच्या मनात जे काही जोरानं येईल, तेही असंच कोरडं सुकणार. म्हणून थेट घरी. पडदे लावून झोपवायचं. त्या प्रसंगाशी संबंधित कुणाला भेटायचं नाही."

दीपालीनं मान डोलावली. संबंधित म्हणजे पलटणीतले, एवढंच तिला वाटलं. शालनकाकी तिच्या डोक्यातसुद्धा आली नाही. काकी घरचीच होती, आणि घरच्या माणसाला कुणी संबंधित म्हणतं का?

अजिंक्य आत दोन तास बोलला. दीपाली बाहेर बाकावर बसून होती. बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता, पण चालणं सरळ होतं. केंद्राच्या गाडीनं दोघांना गावात आणलं. मारुतीच्या देवळापाशी ड्रायव्हरनं विचारलं, "कुठल्या अंगाला घेऊ?"

"आधी आयेकडं," अजिंक्य म्हणाला.

दीपालीच्या मनात काहीतरी टोचलं. सहा तास, पडदे. पण दवाखान्यातून आलेला माणूस आधी तिकडं न जाता घरी गेला, असं या गावात कधी झालेलं तिनं पाहिलं नव्हतं, आणि वाद घालायला अंगात ताकदही नव्हती. घटकाभर बसून जाऊ, तिनं मनाशी म्हटलं.

काकी दारातच भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो त्याच्यावरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि पोराला आत घेतलं. अजिंक्यनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दुपार सरेपर्यंत तिथून उठला नाही. "आये, आज ओंक्याचं सगळं बोललो गं," म्हणत लहान पोरासारखा रडला. काकी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. दीपाली भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपून गेली.

आणि मग तो सकाळी सातपर्यंत झोपला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

खोटं कशाला बोला, ते दिवस सोन्याचे होते. अन्वी आजोळाहून घरी आली. अजिंक्यनं तिला गिअरची सायकल शिकवली, तिच्या मागं धावताना तो खो खो हसला आणि ते हसू ऐकून दीपालीच्या हातातलं भांडं सुटलं. तो बाजारात जाऊ लागला, गर्दीत उभा राहू लागला. मिक्सर लागला की टेबलाखाली जाणारा माणूस आता स्वतः चटणी वाटायला लागला होता. लोक म्हणाले, दीपालीनं नवरा परत मिळवला. खरंच होतं ते.

फक्त आता दीपालीला झोप येईना. घर शांत झालं आणि तिला ती शांतता सहन होईना. डोळा लागला की आठ वर्षं शेजारी ऐकलेलं सगळं तिच्या स्वतःच्या तोंडून बाहेर यायला लागलं. मुजावर डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही जे ऐकलंत ते तुमचंही झालंय. घरच्या माणसांनाही टोपी देतो आम्ही. पुढच्या महिन्यात, पुण्यतिथीनंतरच्या सोमवारी तुमची वेळ ठेवू?" दीपालीनं क्षणाचाही विचार केला नाही. ठेवा म्हणाली. त्या सोमवारची ती दिवाळीसारखी वाट पाहू लागली.

एका दुपारी शालनकाकी अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "दीपे, माझं काय चुकलंय का गं?"

"का हो काकी?"

"अजिंक्य येतो. ऐतवारचा येतो. नळ गळत हुता, त्यो नीट केला. 'काकी, काय हवं-नको असलं तर सांगा,' म्हनला. चा घेतला आन् गेला." ती थांबली. "काकी म्हनला गं मला. पाव्हन्यागत बसला खुर्चीच्या कडंला. भांडला बी न्हाई. मी मुद्दाम गोळी घेतली न्हाई म्हनून सांगितलं, तर म्हनला, 'घेत जा.' बास."

दीपालीनं घरी येऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी थेट घरी गेला होतात ना?"

तिनं सगळं सांगितलं. "म्हणजे कोबा ओला असतानाच काकींचा पाय पडला त्यावर," डॉक्टर म्हणाले.

"ती माया परत येईल ना, डॉक्टर?"

"जे सुकलं ते सुकलं, ताई. माणसाला माणसाची नव्यानं माया लागते, तशी लागेलही. पण ती जुनी नसेल."

तिनं अजिंक्यला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि थोडा विचार केला. माणूस वाईट झाला नव्हता, हे दीपालीला दिसत होतं. वाईट झाला असता तर बरं, भांडता तरी आलं असतं.

"असेल तसं," तो म्हणाला. "पण मला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही गं. बाई चांगली आहे. तिचं काय असेल ते मी करीन, रिवाज आहे तो."

बाई. दीपालीला तो शब्द फार लागला. काकीला मात्र तिनं काही सांगितलं नाही. पुण्यतिथी तोंडावर आली होती, तेवढी होऊ दे, मग बघू, असं करत तिनं ते पुढं ढकललं.

पुण्यतिथीला जगदाळ्यांच्या अंगणात मांडव घातला होता. ओंकारच्या फोटोला हार, समोर समई, सतरंजीवर आळीतली माणसं, पुढच्या रांगेत निवृत्त सुभेदार घाडगे. काकी नेहमीच्या जागी, उंबऱ्याला टेकून. दरवर्षी अजिंक्य तीच हकीकत सांगायचा. बर्फात हल्ला झाला, ओंकारला वर्मी लागलं, तो माझ्या मांडीवर पडला, 'आयेला सांग' म्हणाला आणि गेला, त्याला त्रास झाला नाही. सांगताना त्याचा आवाज फुटायचा, काकी पदर तोंडाला लावायची, आणि ते ऐकून तिचं एक वर्ष निघायचं. हे असं घडलेलं नाही, हे त्या मांडवात अजिंक्यशिवाय फक्त दीपालीला ठाऊक होतं. झोपेतला माणूस खोटं बोलत नाही.

अजिंक्य उठला. शर्ट सरळ केला.

"त्या चौकीवर शत्रूचे ड्रोन यायचे," तो म्हणाला. आवाज स्वच्छ, सावकाश. "ते अंगाची ऊब शोधायचे. म्हणून आम्हाला ऊब झाकणारी चंदेरी कापडं दिली होती. ड्रोन आला की कापडाखाली पालथं पडायचं आणि हलायचं नाही. त्या दिवशी ओंकार पाण्याचा कॅन आणायला बाहेर गेला होता. त्याला मांडीत लागलं. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर पडला. तो मला हाका मारत होता. मी उठलो असतो तर ड्रोनला सगळ्या तुकडीची जागा कळली असती. म्हणून मी गेलो नाही. बराच वेळ हाका येत होत्या. मग थांबल्या."

"अजिंक्य," सुभेदार घाडगे दबक्या आवाजात म्हणाले, "बस खाली."

"नाही साहेब. दरवर्षी मी वेगळं सांगत होतो, ते बरोबर नव्हतं. यांना खरं कळायला हवं." तो काकीकडं वळला, आदरानं थोडा वाकला. "तुमचा मुलगा शूर होता, काकी."

काकी रडली नाही. तिनं विचारलं, "काय म्हनून हाका मारत हुता?"

"आधी माझं नाव घेत होता. मग आये म्हणत होता."

काकी उठली, आत गेली आणि तिनं दाराला आतून कडी घातली. मांडवातल्या बायका हाका मारून दमल्या, पण दार उघडलं नाही. जेवणाच्या पंगती तशाच राहिल्या.

घराकडं चालताना अजिंक्यनं दीपालीचा हात धरला. "चुकलं का काही माझं?"

"अहो, तिचा चेहरा नाही का दिसला तुम्हाला?"

"दिसला की. वाईट वाटलं तिला. साहजिक आहे." थोडं पुढं जाऊन तो थांबला. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यानं विचारलं, "दीपा, मी परत आधीसारखा व्हावं, असं वाटतं का तुला?"

दीपालीला हो म्हणायचं होतं. काकीसाठी, ओंकारसाठी, माणुसकी म्हणून तरी म्हणायला हवं होतं. तिला त्या आठ वर्षांची एकेक रात्र आठवली आणि सायकलच्या मागं धावणारा तिचा नवरा आठवला.

"नाही," ती म्हणाली. म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली, तरी ते खरं होतं.

काकीनं दार उघडायला दोन दिवस लावले. उघडलं तेही दूधवाल्यापुरतं. ती जेवत नाही, असं नंदाताईंनी सांगितलं. अजिंक्य डबा घेऊन गेला, तर तिनं "ठिव तिथं" म्हटलं आणि त्याच्याकडं पाहिलं नाही. तो डबा ठेवून परत आला. सोमवार दोन दिवसांवर होता. शनिवारी अंगणवाडी सुटल्यावर दीपाली स्वतःच पिठलं-भाकरी बांधून तिकडं गेली. जाताना तिचा जीव नुसता थकून गेला होता. आपण काय बोलणार आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं.

काकी चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती. चार दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"काकी, दोन घास खाऊन घ्या."

"ऱ्हाऊ दे." काकीनं मान वर केली. "मला एकच इचारायचंय तुला. त्यो गेला न्हाई, ह्येचा राग न्हाई माझा. फौजी घरातली हाय मी, दहा जनांचा जीव एकापायी घालवायचा नसतो, ह्ये कळतं मला. खोटं बोलला त्येचा बी राग न्हाई, माझ्यापायीच बोलला. पर परवा सांगत हुता तवा त्येच्या डोळ्यांत काय बी न्हवतं. मानूस दारातली शेळी मेल्याचं बी असं सांगत न्हाई." तिचा आवाज चिरकला. "तवा बी असाच हुता का त्यो? माझं लेकरू हाका मारत हुतं, तवा बी असाच गप पडून हुता का?"

टोपीचं, कोब्याचं, बदामाएवढ्या गाठीचं सगळं दीपालीच्या ओठांवर आलं. त्यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ती काकीसमोर मांडी घालून बसली.

"काकी, रोज रात्री ते उठायचे," ती म्हणाली. "डोळे उघडे, पण जागे नसायचे. 'आलो ओंक्या, आलो रे, थांब, आलो,' करत दाराकडं धाव घ्यायचे. कडी निघाली नाही तर डोकं आपटायचे दारावर. 'सोडा मला, तो बोलावतोय,' म्हणायचे. मी मागून कमरेला मिठी मारायचे. एकदा मला तसंच फरफटत अंगणापर्यंत नेलं होतं. माझे गुडघे फुटले, त्यांना कळलंसुद्धा नाही."

"रोज?"

"रोज. आठ वर्षं. एक रात्र सुटली नाही."

हे दीपालीनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती बोलत राहिली. तो कसा गुडघ्यांवर सरपटायचा, ओंकारची कशी माफी मागायचा, ऊन तापेपर्यंत त्याच्या अंगातली थरथर कशी जायची नाही. बोलता बोलता ती स्वतःच थरथरत होती, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. काकी एकटक तिच्या तोंडाकडं पाहत होती. मांडवात अजिंक्यच्या तोंडावर जे शोधून तिला सापडलं नव्हतं, ते तिला आता इथं दिसत होतं.

"मग पोचला का गं एखाद्या राती तरी माझ्या पोरापतूर?"

"नाही, काकी." दीपाली हुंदका देऊन म्हणाली. "मी जाऊ दिलं नाही. मीच धरून ठेवायचे."

काकी मग रडली. चार दिवसांचं साठलेलं रडली. दीपालीनं तिला सावरलं नाही. तिच्यात सावरायची ताकदच नव्हती, ती शेजारी बसून आपलं आपलं रडत होती. बऱ्याच वेळानं काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुन्यांदा सांग."

दीपालीनं पुन्हा सांगितलं.

"त्येला आता ह्यातलं काय ठावं न्हाई?"

"ठाऊक आहे सगळं. पण त्यांना त्याचं काही वाटत नाही."

"म्हंजी ह्ये आता तुझ्यापाशीच हाय."

दीपालीनं सांगून टाकलं. "सोमवारी माझीही पाळी आहे, काकी. टोपीची."

काकीनं डोळे मिटून घेतले. आता ती 'जा बाई, सुखी हो' म्हणेल, म्हातारी माणसं असंच म्हणतात, असं दीपालीला वाटलं. काकी तसं म्हणाली नाही.

"नको जाऊस," ती म्हणाली.

"काकी, मला झोप नाही हो." दीपालीचा आवाज चढला. इतक्या वर्षांचा संताप एकदम वर आला. "मी काय केलंय? मी लढाईला गेले नव्हते. मला पण माणसासारखं झोपायचंय. सगळ्यांनी सुटायचं आणि मीच हे का धरून बसायचं?"

"व्हय. माझं मागनं वंगाळ हाय, कळतंय मला. पर नको जाऊस." काकीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "तू बी कोरडी झालीस, तर माझ्या लेकराच्या हाकंला ओ देनारं जगात कोन ऱ्हानार न्हाई."

दीपालीनं मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मग केला नाही. ती कितीतरी वेळ थंड चुलीकडं पाहत बसली. बाहेर कुणाची तरी गुरं रस्त्यानं गेली. तिला वाटलं, उठावं आणि सरळ साताऱ्याची गाडी धरावी, कुणी काही म्हणणार नाही. तिनं फोन काढला आणि केंद्राला लावला.

"सोमवारची माझी वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "नाही, पुढची नको. नकोच आहे मला." पलीकडची मुलगी काहीतरी समजावत होती. दीपालीनं तिचं पुरतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. एवढं बोलूनही तिला धाप लागली होती.

काकी उठली. तिनं डब्यातली भाकरी काढली, अर्धी दीपालीपुढं ठेवली, अर्धी आपण घेतली. दोघींनी पिठलं-भाकरी गार तशीच खाल्ली. खाताना दीपालीचे डोळे मिटू लागले.

"काकी, वाईच आडवी होऊ का इथंच?"

"व्हय की." काकीनं वाकळ अंथरली, उशाला घडी करून लुगडं दिलं. दीपाली कुशीवर वळली आणि भीत भीत म्हणाली, "मी झोपेत ओरडते हो हल्ली."

"वरड," काकी म्हणाली. "मी हाय."

तिनं दार लोटलं, दीपालीच्या उशाशी येऊन बसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीचा हात जड होता. आठ वर्षांत पहिल्यांदाच दीपालीला कुणीतरी धरून बसलं होतं.